दाजींना बुवा सापडेना

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रस्त्यानं येताना दिसले की भोर तालुक्यातले बुवाबाबा वाट बदलतात. नाव वसंतराव, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काही सुटली नाही. तीत नारळ, लिंबं, काळी बाहुली आणि कसल्याकसल्या पावडरींच्या बाटल्या. गावोगाव जाऊन ते नारळातून जाळ काढतात, लिंबातून रक्त काढतात आणि मग ते कसं केलं ते पोराबाळांना समजावून सांगतात. माणूस खरा आहे, कार्यक्रमाच्या गावी चहासुद्धा फुकट पीत नाही. पण घरातही भाषणच करतो, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे.

सुलू, माझी बहीण, चार वर्षांपूर्वी गेली. देहदान करायचं तिनंच आधी ठरवलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुपारी मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. अस्थी नाहीत, राख नाही, दहावा नाही, तेरावा नाही. पुढच्या पितृपक्षात मी दाजींना म्हटलं, अविधवा नवमीला तिच्या नावानं निदान एक सवाष्ण जेवू घालू या. तर त्यांनी मला मेंदू आणि मज्जासंस्था समजावून सांगितली, अगदी चहा निवेपर्यंत. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे, लोकांचे तंटे ऐकून माझे कान निबर झालेत, तरी त्या दिवशी रडत घरी आले. पुढं पुढं त्या घरात सुलूचं नावच निघेनासं झालं.

शुभ्रा त्यांची एकुलती एक. आई गेली तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मग पुण्यात नोकरीला लागली आणि सणावारी यायची, तीही पाहुण्यासारखी, बॅग पूर्ण उघडायचीसुद्धा नाही.

यंदाच्या दिवाळीत त्या बॅगेनंच घोळ केला. दाजींना तिचा चार्जर हवा होता. सापडली काळ्या मुठीची दुधारी सुरी, डबीभर खडेमीठ, काळ्या मेणबत्त्या आणि वीतभर लांबीची केरसुणी. दुसरा कुणी बाप असता तर नुसता गोंधळला असता. दाजींनी असलं सामान भोंदूंकडून काढून घेऊन शाळाशाळांतून त्याची प्रदर्शनं मांडलेली. त्यांनी ते सगळं सवयीनं टेबलावर ओळीनं मांडलं आणि पोरीला हाक मारून एकच विचारलं, बुवा कोण?

शुभ्रा म्हणाली, बुवा कुणीच नाही. मी विक्का पाळते. हा एक धर्म आहे, परदेशातून आलेला, फार जुना नाही. त्यात देवी आहे, देव आहे, चंद्र आहे, ऋतूंचे सण आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आमचा सण असतो, तेव्हा आम्ही काही जण वेल्ह्याला जमतो. दाजींनी यातलं एक अक्षर कानात घेतलं नाही. बुवा नसलेला पंथ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणजे हा बुवा चांगलाच लपलेला असणार.

मला फोन आला आणि मी धावत गेले, तोवर दोघांची चांगलीच जुंपली होती. दाजी म्हणत होते की मी तिथं येणार, त्या बुवाला रंगेहाथ धरणार आणि जादूटोण्याच्या कायद्याखाली पोलिसांत देणार. शुभ्रा दारात उभी होती, चेहरा पांढराफटक.

"या तुम्ही बाबा," ती म्हणाली. "पण तिथं तमाशा केलात तर मी या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

ही पोरगी बापावर गेलेली. दोघांचंही एकदा तोंडातून निघालं की निघालं. सुलूचं म्हणून माझ्याजवळ उरलंय ते एवढंच, ही एक मुलगी. ती या घरातून उठून गेली असती तर मला माझी बहीण दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. म्हणून मी दाजींना सांगितलं, मी गाडी काढते, तुम्ही शेजारी बसायचं, आणि मी म्हणेन तेव्हाच पिशवीत हात घालायचा. मी गाडी उशिरा शिकले, माझ्या शेजारी बसायला आमचे हेसुद्धा घाबरतात, पण दाजी बसले. यावरून त्यांना किती घाई झाली होती ते कळावं.

एकतीस तारखेला निघालो. नसरापूरला मी चहाला थांबू म्हटलं तर नको म्हणाले, जसा काही बुवा तेवढ्यात एसटी धरून पळणार होता. वाटेत मी त्यांना मोबाईलवर वाचलेलं सांगितलं. यांच्यात सुरीनं काही कापत नाहीत, तिनं हवेत नुसती रेघ आखतात. कुणाचं वाईट करायचं नाही हा त्यांचा मुख्य नेम. दाजी म्हणाले, सगळ्यांच्या जाहिरातीत असंच असतं.

शेत वेल्ह्याच्या अलीकडे होतं, बाळाबाई नावाच्या म्हातारीचं. उन्हं अजून तोरण्यावर होती. खळ्यात दहाएक जण झाडलोट करत होते, बहुतेक पुण्याकडची नोकरदार पोरं. शुभ्रानं मला मिठी मारली, बापाला पाणी दिलं आणि स्वयंपाकाकडे निघून गेली. दाजी थेट बाळाबाईकडे गेले. बुवा कुठं उतरलाय, कोंबडं कुठं बांधलंय, पैसे कोण गोळा करतं, सगळं विचारलं.

बाळाबाई शेंगा फोडत होती. "बुवा न्हाई बा कुनी," ती म्हणाली. "ह्याच पोरी येत्यात. सोताचा सैपाक सोता करत्यात, मेलेल्या मानसाला ताट वाढत्यात. आमी सर्वपित्रीला ठिवतो, ह्यांचं जरा मागनं आसतंय, येवढंच."

दाजींचं समाधान झालं नाही. मग त्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली. शेफाली नावाची एक फिजिओथेरपिस्ट त्यांची पुढारी वाटत होती, कारण कुठं काय ठेवायचं ते ती सांगत होती. तिला विचारलं, तुम्ही गुरू का? ती म्हणाली, छे हो, या वेळी माझी पाळी आहे, पुढच्या सणाला दुसरं कुणी. तुम्ही यात कशा आलात, तर म्हणाली, आमच्या घरी महिन्याचे चार दिवस मला देवघराकडे बघूही देत नव्हते, इथं तसलं कुणी विचारत नाही. कुमार म्हणून एक दाढीवाला होता, दाढीमुळे दाजींची नजर त्याच्यावर खिळलेली. तो निघाला सरकारी बँकेतला. त्याच्या आईवडिलांनी कुठल्याशा महाराजांपायी घर विकलं होतं, त्यामुळे गुरू हा शब्द ऐकला तरी त्याच्या अंगावर काटा येतो. तो म्हणाला, काका, तुम्ही आमच्या गावात फार उशिरा आलात हो. आपलाच कार्यकर्ता शोभेल असा माणूस दाजींना समोरच्या बाजूला सापडला होता.

शेवटी ते शुभ्रासमोर जाऊन उभे राहिले. ती परातीत कणीक मळत होती. ते म्हणाले, यांचं मला कळलं. तुला घरात कुणी शिवू नकोस म्हटलं नाही, कुठल्या महाराजांच्या पाया पडायला लावलं नाही. तू का आलीस?

शुभ्रानं हात थांबवले. मला वाटलं आता ही भांडणार. ती भांडली नाही.

"आईला घेऊन गाडी गेली, बाबा. तुम्ही फाटक लावलंत आणि मला म्हणालात, चहा टाक. मी टाकला. मग मला कळेना की आता काय करायचं. रडायचं कुठं, किती दिवस, कुणासमोर. देवळात गेले तर तुमचं भाषण आठवायचं. पंचांग बघितलं तर तुमचं हसू आठवायचं. तुम्ही एकेक करून सगळं खोटं पाडून ठेवलं होतंत, आणि मला ते पटलेलंही होतं. हा एकच धर्म उरला होता, ज्याच्यावर तुमचं भाषण मी ऐकलं नव्हतं."

दाजी तिथंच उभे. त्यांच्या खांद्यावरून पिशवीचा बंद घसरला तो त्यांनी वर ओढला नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, चार वर्षांत पहिल्यांदाच आली. मी त्यांना हाताला धरून बाजूच्या बाजेवर बसवलं.

दिवेलागणीला विधी सुरू झाला. एकीनं त्या छोट्या केरसुणीनं जागा झाडल्यासारखी केली, शेफालीनं सुरीनं हवेत गोल आखला, मीठपाणी शिंपडलं, चार दिशांना नमस्कार झाला. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा वाडगा दिला आणि म्हणाली, मावशी, पश्चिमेला तुम्ही उभ्या राहा. आमच्याकडे सत्यनारायणाला नवऱ्याच्या कोपराला हात लावून बसायचं, एवढंच मला आजवर काम. त्या वाडग्याचं मला उगाच फार अप्रूप वाटलं, आणि तो सांडू नये म्हणून मी श्वास धरून उभी राहिले.

दाजी गोलात आले, पण पिशवी छातीशी धरून. कुणाच्या तरी अंगात येईल, कुठून तरी राख पडेल, म्हणून त्यांचे डोळे भिरभिरत होते. कुणी घुमलं नाही. राख पडली नाही. एकेकानं आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतलं, बस. शुभ्रा म्हणाली, "सुलभा वसंत, माझी आई." त्या घरात इतके दिवस अडकून राहिलेलं नाव उघड्यावर ऐकलं आणि मी पदर तोंडाला लावला. दाजी खाली बघत होते.

मग जेवण. शेफालीनं आधीच सगळ्यांना सांगितलं होतं की हे जेवण मुक्यानं करायचं, ताटं उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मला धास्ती होती ती इथंच. दाजींना गप्प बसवणं हे हायस्कुलात हेडमास्तरांनाही जमलं नव्हतं. पंगतीत एक ताट जास्तीचं, शुभ्राच्या आणि दाजींच्या मधे. त्यात तिनं वाढलं वरणभात, वर तूप, बटाट्याची भाजी, पोळी, अळूवडी. पुढं पाट रिकामा.

सगळे जेवत होते. भांड्यांचा तेवढा आवाज. दाजींनी एक घास घेतला आणि त्या ताटाकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलायला लागले तशी मी डोळे मिटून घेतले. आता विज्ञान सुरू होणार, आता ही पोरगी उठणार, संपलं सगळं.

"कोशिंबीर नाही केलीस," दाजी म्हणाले.

सगळ्यांनी माना वर केल्या. बोलायचं तर नव्हतंच.

"काकडीची. तिला त्याशिवाय भात जायचा नाही. काकडी चोचवून हवी, किसलेली नको. एकदा मी किसून दिली तर दोन दिवस बोलली नाही." ते थांबले, मग पुन्हा सुरू झाले. लग्न झाल्यावर तिनं प्रयोगशाळेतलं चंचुपात्र मागून घेतलं होतं आणि उभा जन्म त्यातच तेल मोजलं, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमात नारळ पेटेना, तेव्हा सगळ्या गावात ती एकटी हसली होती, हेही सांगितलं. आवाज फाटत होता, वाक्यं अर्धी राहत होती. शेफालीनं घास हातात धरून ऐकलं, तिनं त्यांना गप्प केलं नाही. शुभ्रा बापाकडे टक लावून पाहत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. हे भाषण नव्हतं. हा माणूस चार वर्षांनी आपल्या बायकोबद्दल बोलत होता.

बोलून संपल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, या ताटाचं पुढं काय करता? कुमारनं खुणेनं बांधावरचं झाड दाखवलं, तिथं नेऊन ठेवतात. दाजींनी नकारार्थी मान हलवली. अन्न बाहेर टाकण्याविरुद्ध ते आजवर जे जे बोललेत ते मला पाठ आहे. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, हात लांब करून ते ताट आपल्यापुढं ओढलं आणि भात कालवायला लागले.

राहवेना म्हणून शुभ्रा बोललीच. "बाबा, ते आईचं ताट आहे."

"माहीत आहे," दाजी म्हणाले. "तिचं नेहमी अर्धं राहायचं. मीच संपवायचो."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या माहेरी बायका नवऱ्याच्या ताटात जेवायच्या. सुलूनं हे मला कधी सांगितलं नव्हतं आणि दाजींनी तर कुणालाच नाही. शुभ्रानं पातेलं जवळ ओढलं आणि त्या ताटात आणखी थोडा भात वाढला.