जाईबाईचा कागद

"उघडतो पेटी," गौरांग म्हणाला आणि त्याने चकलीचा तुकडा तोंडात टाकला.

अनुपने वहीतून मान वर केली नाही. हे दोन शब्द ऐकायला तो बारा वर्षं थांबला होता.

"पाह्य बरं," तो शांतपणे म्हणाला, "पेटीभोवती मेलेले उंदीर पडले हायत. बाजूले सांगाडा हाय, त्याचा हात अजून कुलपावरच हाय. आन् कडू वास येऊन राहिला."

"येऊन राहिला तं येऊ दे ना! आमी चौघं पाचव्या लेव्हलचे. त्या हिशेबानंच ठेवलं असशीन तू."

अनुपला हेच हवं होतं.

अकोल्यात पियुषच्या घरी रविवारच्या दुपारी पाच जण टेबलाभोवती बसले होते. सगळे पस्तिशीच्या आसपासचे, बायकापोरांना काहीबाही सांगून आलेले. खेळ असा, की एकाने मास्टर व्हायचं, भुयारं, राक्षस, खजिने रचायचे आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्यात शिरायचं. पात्राचं नाव, ताकद, हत्यारं एका कागदावर, आणि जगणं-मरणं वीस बाजूंच्या फाशावर. अमरावतीच्या कॉलेजपासून या टोळक्याची एक रीत होती. पात्र मेलं की मास्टरने त्याचा कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा.

अनुप अमरावतीला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर कारकून. नियम हे त्याचं दाणापाणी. त्याने दोनशे पानी वहीत तीन रकाने आखून या खेळाच्या जुन्या, मधल्या आणि नव्या आवृत्तीचे नियम शेजारी शेजारी उतरवले होते. नव्या आवृत्तीत मास्टर खेळाडूंची ताकद जोखून तेवढाच राक्षस समोर सोडतो, आणि मरायला टेकलेल्यालाही सावरायला तीन संधी मिळतात. मधल्या आवृत्तीत आकडेमोडीनेच जीव जातो. जुनीत मात्र कोणी कोणाला जोखत नाही. विष अंगाला लागलं की एकदा फासा टाकायचा, आणि चुकला की मेला. पण जुन्या रकान्याखाली अनुपने स्वतःची एक ओळ लाल शाईने लिहिली होती: मरण ठेवायचं तर आधी तीन खुणा द्यायच्या. सूडसुद्धा नियमात बसवूनच घ्यायचा, हा खाक्या कारकुनाचाच.

बारा वर्षांपूर्वी गौरांगने एकही खूण दिली नव्हती. हॉस्टेलवर मास्टर तो होता आणि अनुपचं पात्र होतं जाईबाई, भालेवाली. "हे काय योद्ध्याचं नाव झालं?" म्हणून सगळे फिदीफिदी हसले होते. वकिलाच्या घरचा गौरांग तर जरा जास्तच हसला होता. दुसऱ्या आठवड्यात जाईबाईने एका साध्या दाराची कडी धरली, कडीला विष होतं, फासा चुकला. "फाडू नोको," अनुप म्हणाला होता. "नियम म्हणजे नियम," असं म्हणत गौरांगने कागद फाडला आणि पुढच्या खेळाडूकडे वळला.

"टाक फासा," अनुप आता म्हणाला. "विष हाय. अकराच्या वर पायजे."

चार पडले.

"मेला," अनुप म्हणाला.

"अबे, तीन संधी?"

"ते नव्या एडिशनमंदी. आज जुनीनं खेळू म्हणलं तवा तूच टाळ्या वाजवल्या होत्या. तीन खुणा देल्ल्या तुले."

गौरांगने पियुषकडे पाहिलं. पियुषने खांदे उडवले. गौरांगने नऊ वर्षं जपलेलं पात्र होतं, कागद चारी कडांनी मळला होता. अनुपने तो हातात घेतला. फाडायला दोन्ही कडा धरल्या.

गौरांग हसला. "फाड ना यार. मोबाईलमंदी फोटो हाय. घरी गेलो की प्रिंट काढतो."

अनुपचे हात जागच्या जागी थांबले. बारा वर्षं रचलेला डाव एका फोटोने पाण्यात गेला होता. कागद खाली ठेवून त्याने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातला जुना कागद टेबलावर पसरला. मधोमध दोन्ही बाजूंनी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडली होती.

"हे कोनाचं?" गौरांगने विचारलं.

"जाईबाईचं. तूच फाडलं होतं."

"कोन जाईबाई?"

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. फाडण्यापेक्षा हे अनुपला जास्त लागलं.

"माही माय. नांदगाव खंडेश्वरले दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. शेहेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात नाव लिवाले शिकली. तुह्या खेळात मी भालेवाली हावो काय, म्हणे, तं आन, माहं नाव मीच लिवतो. त्याच साली गेली. तिच्या हातचं दुसरं अक्षर नाही माह्यापाशी. माह्या तवाच्या फोनले कॅमेरा नोयता."

गौरांगने नकळत बोट पुढे केलं.

"हात नोको लावू."

बोट मागे गेलं. "तू तवाच सांगितलं काहून नाही?"

"फाडू नोको, म्हणलं होतं. कारन सांगितल्यावरच थांबाचं असते काय?"

गौरांगने त्या वाकड्या अक्षरांकडे पाहिलं. मग त्याने मोबाईल काढला, फोटो शोधून पुसला आणि स्क्रीन अनुपसमोर धरला. स्वतःचा कागद त्याने टेबलावरून सरकवत अनुपपुढे आणला.

"आता फाड," तो म्हणाला.

पियुषला वाटलं, अनुप फाडणार नाही. अनुपने फाडला. मधोमध, एकदाच. आवाज हॉस्टेलवर आला होता तसाच आला. गौरांगने दोन्ही तुकडे उचलून घडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवली.

अनुपने मायचा कागद उलटा केला. तिने पेन्सिल इतकी दाबून धरली होती की मागच्या बाजूने अक्षरं हाताला लागायची. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. 'जाई' लागलं. पुढे चिकटपट्टी आली, तिथे काहीच लागलं नाही. तेवढ्या जागेवर अंगठा थोडा वेळ ठेवून त्याने कागद पाकिटात सरकवला.