रुपाबाईचा टाका

मानोऱ्याजवळच्या तांड्यात रुपाबाईसारखा कशिदा कुणालाच जमत नव्हता. कापडावर काच बसवावी तर तिनेच. तिच्या हाताच्या भरवशावर तिच्यासह पाच बायकांच्या बचत गटाला कर्ज मिळालं, आणि नागपूरच्या एका दुकानाने उशीचे साठ अभ्रे मागवले. यंदा पाचहीजणी ऊसतोडीला जाणार नव्हत्या.

एक गोष्ट मात्र रुपाबाईने लपवली होती. तिचा उजवा डोळा होळीलाच गेला होता आणि डावाही कडेकडेने विझत चालला होता. वाशीमच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. सुईत दोरा ती सून रंजीताकडून ओवून घ्यायची. बाकी सगळं बोटांच्या अदमासाने.

दसऱ्याला दुकानाकडून अभ्र्यांचा गठ्ठा परत आला. काचा निसटत होत्या, टाके वाकडे पडले होते. दुकानाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

गटाची अध्यक्ष गोमतीबाई गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली. "हे तुह्या हातचं हाय?"

रुपाबाईने अभ्र्यावरून बोट फिरवलं. गोमतीबाईने दोन बोटं तिच्या उजव्या डोळ्यासमोर नाचवली. पापणी हलली नाही.

"काहून सांगतलं नाई व?"

"सांगतलं असतं त कर्ज भेटलं असतं?"

"आता आमी चौघी फेडू का? माह्या नातीची शाळा सोडवू?"

चार दिवसांत गटातल्या बाकी तिघींच्या नवऱ्यांनी मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली. रुपाबाईच्या पोराने, राजपालनेही घेतली. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, म्हणून रंजीताला जाणं भाग होतं.

ट्रक उभा होता. रुपाबाईने सुनेचा पदर धरला. "पंधरा दिस थांब. तुह्ये डोये दे मले. टाका मी शिकवतो."

"याडी, माय, उचल खर्च झाली व," रंजीता रडत म्हणाली. तिने पंधरा-वीस सुया ओवून एका चिंधीत टोचून ठेवल्या होत्या. ती चिंधी सासूच्या हातात देऊन ती ट्रकमध्ये चढली.

त्या सुया दोन दिवस पुरल्या. तिसऱ्या दिवशी रुपाबाई दुपारभर एकच सुई ओवत बसली. दोरा ओला करी, चुके, पुन्हा ओला करी. शेवटी तिने सुई भिरकावली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेवढ्यात गोमतीबाई आत आली. राग तिच्या आवाजात तसाच होता. "सरक तिकडं. मले तुह्यासारखं येत नाई. पन दोरा ओवता येते."

दोघी रोज बसल्या. रुपाबाई चाचपून वाकडे टाके उसवायची, कुठे सुई घालायची ते सांगायची. गोमतीबाई चुकायची, शिव्या द्यायची, पुन्हा टाका घालायची. दिवाळीपर्यंत अकरा अभ्रे झाले. दुकानाने ते घेतले, पुढचं काम दिलं नाही.

गोमतीबाईने नातीला शाळेतून काढलं नाही; कर्जाच्या हप्त्यासाठी दोन बकऱ्या विकल्या. तिने हे रुपाबाईला सांगितलं तेव्हा रुपाबाईने आवाजाच्या दिशेने मान वळवली. डावा डोळाही आता गेला होता.