सुळ्यामागचा दात

बापाने फेकलेला पितळी ठोकळा मुलीच्या कानाजवळून गेला आणि मागच्या कपाटावर आदळला. काचा खळकन खाली आल्या. बरण्यांतली वटवाघळे हेलकावली आणि पुन्हा निपचित झाली. मुलीने आधी तळहाताखाली झाकलेली कवटी पाहिली. शेंगदाण्याएवढी ती कवटी शाबूत होती.

"पुन्हा म्हण," बाप म्हणाला.

"तुमची प्रजाती वेगळी नाही, बाबा. ती आणि जुनी, दोन्ही एकच आहेत."

संग्रहालयाच्या या खोलीत बापाची हयात गेली होती. आता त्याच्या खुर्चीत मुलगी बसत होती. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेल्या वटवाघळांची नव्याने वर्गवारी करायचे काम तिच्याकडे आले होते. या गटात सगळी मदार दातांवर. सुळ्याच्या मागे एक बारीक दात असतो. बापाला एका मादीत तो दिसला नाही, आणि तेवढ्या राईवर त्याने नव्या प्रजातीचा पर्वत उभा केला. तिला बायकोचे नाव दिले. घरात तिच्याशी धड शब्द न बोलणाऱ्या माणसाचे प्रेम देशोदेशी छापून आले, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

"तुमच्या त्या मादीचा डावा जबडा चुरडलाय, तिकडचं काहीच कळत नाही," मुलगी म्हणाली. "उजवीकडे तुम्ही दात नाही म्हणालात. आहे तो. तुटलाय. मूळ हाडात राहिलंय, भिंगाखाली स्पष्ट दिसतं. काहीतरी जोरात लागलंय तिला."

बापाने तिचे मनगट धरून पिरगाळले. ती कळवळली.

"आईचं नाव पुसायला निघालीस? दुसरं काय आहे तिच्याकडे?"

याच प्रश्नाने मुलीची झोप उडवली होती. नवे नाव रद्द झाले की जुनेच उरणार, नियम साधा होता. पण पाहुण्यांना चहा देताना आई हळूच सांगायची, माझ्या नावाचं एक वटवाघूळ आहे बरं का. तेवढे एकच सांगताना तिची मान ताठ व्हायची.

"हात सोडा तिचा."

आई जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. काचा तुडवत ती आत आली. डबा टेबलावर ठेवून तिने भिंगाला डोळा लावला.

"तुला काय कळतं त्यातलं?" बाप ओरडला.

"पोतं मीच धरलं होतं ना." आईने डोळा काढला नाही. "जाळं फाटलं होतं. हे गुहेच्या तोंडाशी काठी घेऊन उभे राहिले. वटवाघळं बाहेर पडायची, हे मारायचे. खाली पडून चिरकत राहायची, ती मी पोत्यात भरायची. शेवटी बघवेना. मी पोतं सोडून दिलं. जी उडू शकली ती उडाली. ही नाही उडाली."

"गप्प बस," बाप म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

मुलगी आईकडे बघत राहिली. त्याच गुहेत पाय घसरून आईचा दात गेला, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आईनेच सांगितले होते, दरवेळी हसत हसत.

"आई, नाव..."

"काढ."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल. तरी काढ."

बापाने हात उगारला. आईने नुसते त्याच्याकडे बघितले. या वेळी ती मागे सरकली नाही. उगारलेल्या हाताचे काय करावे, हे त्याला कळेना.

आईने तोंडात बोट घालून खोटा दात काढला आणि कवटीशेजारी बशीत ठेवला. मग ती खुर्चीत बसली आणि तिने मान मागे टेकवली.

"माझंही मूळ आत राहिलंय का, बघ."

मुलीने दिवा आईच्या तोंडाकडे वळवला.