तुऱ्यांचा आठवडा

"एक एक खड्डा माझा, वाऱ्याकडे पाठ करून,
उभं राहा लेकरा तू, उन्हापावसात तरून."

रोप लावताना बाबा हे गुणगुणायचे. मी सात वर्षांची होते आणि झारी धरायचं काम माझं होतं. ते उद्यान खात्यात माळी. नदीकाठच्या रस्त्यावर पांढऱ्या खोडाची चारशे झाडं त्यांनी एकट्याच्या हातांनी लावली. आता ती तीन मजली झाली आहेत. त्या रस्त्यानं जाताना मी आजही ताठ चालते.

मी रुग्णालयात हवेतले परागकण मोजते. गच्चीवरची पेटी दिवसभर हवा ओढते, आत फिरणाऱ्या चिकट पट्टीवर कण बसतात, तासातासाची रेघ उमटते. रोज सकाळी पट्टीचा तुकडा कापायचा, गुलाबी रंग द्यायचा, काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली कण मोजायचे. अकरा वाजता आकडा रेडिओला, शाळांना आणि उद्यान खात्याला जातो. दमेकरी माणसं त्यावर दिवस ठरवतात.

त्या दिवशी चार वाजता बाबांचा सत्कार होता, त्यांच्याच झाडांखाली. दोनशे मुलं गाणार होती.

त्याआधी आठवडाभर गारठा आणि रिमझिम. ओल्या हवेत झाडांचे फुलांचे तुरे मिटून बसतात, पिकतात, पण पराग सांडत नाहीत. आदल्या दिवशी दहाला ऊन पडलं, कोरडा वारा सुटला. पट्टीवर ते स्पष्ट दिसत होतं. दहापर्यंत कोरी, अकरापासून दाटी. तीन भोकांचे गोल गोल कण, सगळे एकाच जातीचे. बाबांच्या झाडांचे.

मी दोनदा मोजलं. एका घनमीटरला चारशे बारा. परवा सहा होते.

शेजारी बसणाऱ्या बाईंना सगळे भिंगताई म्हणतात. पंधरा वर्षं त्या हेच करताहेत. त्यांनी माझी काचपट्टी ओढून घेतली, पाहिली, परत सरकवली.

"चारशेच्या वर. आज त्याहून चढेल, वारा बघ ना."

"हो."

"सत्कार आहे म्हणून आकडा लाजून खाली बसत नाही हो. तो काही आपल्या नात्यातला नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सही मी करते हवं तर. तू घरी जा, साडी नेस."

त्यांचं म्हणणं मायेचं होतं. पण माझ्या आकड्याखाली आजवर दुसऱ्या कुणाची सही नव्हती. मी 'अतिशय जास्त' लिहिलं, सही केली आणि उद्यान खात्याच्या साहेबांना स्वतः फोन लावला.

"अहो, आठ दिवसांनी ऊन पडलंय," साहेब म्हणाले. "इतकी छान हवा, आणि तुम्ही म्हणता मुलांना आत बसवा?"

"छान हवा आहे म्हणूनच. आठ दिवसांचं साठलेलं कालपासून एकदम सुटलंय. दोनशे मुलांत दमेकरी दहा तरी निघतील, आणि गाताना माणूस खोल श्वास घेतो."

"सत्कार तुमच्याच वडिलांचा आहे ना?"

"त्यांचाच."

साहेबांनी शेजारी कुणाला तरी सभागृह रिकामं आहे का विचारलं. मग म्हणाले, "सभागृहात घेऊ. त्यांना मी कळवतो."

घरी पोचले तेव्हा बाबा इस्त्रीच्या कोटात खुर्चीवर बसले होते. दार लावलेलं, खिडक्याही. त्या झाडांखाली उभं राहण्यासाठी महिनाभर त्यांनी बूट चमकवले होते.

"साहेबांचा फोन आला होता," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकू दे. किती निघाले?"

"चारशे बारा. आज जास्तच असतील. कालपासून वारा कोरडा..."

"वारा मला नको शिकवूस."

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून निळा पंप काढला, दम्याचा, रंग उडालेला, आणि टेबलावर ठेवला. आमच्या घरात तो मी कधी पाहिला नव्हता.

"दर वर्षी या आठवड्यात कंबर धरली म्हणून रजा टाकायचो, आठवतं? कंबरेला कधी काही झालं नव्हतं. दम लागायचा. सतरा वर्षं झाली."

"बाबा, सांगितलं का नाही?"

"लावणाऱ्यालाच झाडं सोसत नाहीत म्हटल्यावर ती कुणी उभी ठेवली असती? कुऱ्हाडच आली असती."

"झाडं कुणी तोडत नाही. वर्षातले आठ-दहा दिवस सांभाळायचे, एवढंच. त्यासाठी तर मोजते मी."

"ते आता कळतं. तेव्हा कोण मोजत होतं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू हे काम धरलंस तेव्हा तर तोंड शिवूनच घेतलं. वाटलं, मोजता मोजता एक दिवस माझ्या दारात येशील. आज आलीस. बाप मध्ये होता, तरी एक कण कमी केला नाहीस."

त्यांचा श्वास बारीक वाजत होता, तरी ते ताठ बसले.

"आणि एक राहिलंच. दहा वर्षं झाली, पोरी. अकराला रेडिओ लावतो, तुझा आकडा ऐकतो आणि मगच खिडकी उघडायची की नाही ते ठरवतो."