खळ्यातलं स्वयंपाकघर

घराची दुरुस्ती काढली की बाहेरच्या रंगावर घरातले पुरुष तासन्‌तास बोलतात. स्वयंपाकघराचा विषय निघाला की मात्र ‘ते बायकांचं बायका बघतील’ म्हणत उठून जातात. बायका बघतात, त्यांना बघावंच लागतं. पण त्या बघण्यात काय काय जळत असतं, याची दखल कुणी घेत नाही. रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका वाडीत हिराच्या घरी जे घडलं, ते तुमच्या-माझ्या घरातही घडू शकतं, म्हणून सांगायचं.

हिराचं स्वयंपाकघर म्हणजे घरातली शेवटची खोली. परसाकडे एक लहानशी खिडकी, आणि माजघराच्या बाजूला चिऱ्याची जाडजूड भिंत. लग्न होऊन आली तेव्हापासून हिरा त्या भिंतीच्या आत भाकऱ्या थापत आली होती. गणपतीला मुंबईहून माणसं आली की माजघर हसण्याने भरून जायचं. “काय झालं हो?” असं तिने आतून विचारलं, की कुणीतरी म्हणायचं, “काही नाही, तू भाकऱ्या पाठव.” पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

आता तिचा मुलगा संदेश मुंबई सोडून घरी आला होता आणि रत्नागिरीला एमआयडीसीत कामाला लागला होता. त्याची बायको दर्शना पालीच्या शाळेत शिकवायची. स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा दर्शनाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “ही भिंत पाडायची. आणि ओटा लांब हवा, दोघांना उभं राहता येईल एवढा.”

नुसतं बोलून ती थांबली नाही. कागदावर काढलेलं कुणाला समजत नाही म्हणून रविवारी सकाळी तिने चुन्याची फक्की आणली आणि घरापुढच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखलं. इथे ओटा, इथे शेगडी, इथे भांडी घासायची जागा, आणि पलीकडे माजघर, मध्ये काहीच नाही. मग तिने संदेशला हाताला धरून त्यात उभं केलं. “तू कणीक मळतोयस, मी भाजी चिरतेय. बघू, एकमेकांच्या पायात येतो का.” दोघं हवेत हात हलवत स्वयंपाक करायला लागले, एकमेकांना धडकले आणि पोट धरून हसले.

हिरा पडवीत विळीवर बसून खोबरं खवत होती. तिच्या पोटात दुखलं. उगाच शब्दांची सारवासारव कशाला करा, तिला सुनेचा मत्सर वाटला. आपण चुलीच्या धुराने डोळे चोळत होतो तेव्हा कुणी विचारलं होतं, चूल कुठे हवी म्हणून? एकदा सासूला ती म्हणाली होती, धूर फार होतो. सासू म्हणाली, “आम्हाला डोळे नव्हते काय?” तिथेच विषय संपला होता. आणि हिला मात्र भिंत खुपते! हिच्यासाठी माझा मुलगा कणीक मळणार!

“भिंत राहू दे गो,” ती पडवीतूनच म्हणाली. “फोडणीचा ठसका पाव्हण्यांच्या नाकात जाईल.”

“चिमणी बसवू ना, आई.”

“पसारा दिसतो चारचौघांना.”

“दिसू दे की. जेवतात ना सगळे? मग पसारा पण बघू दे.”

हिराने नाक मुरडलं आणि नारळाची वाटी इतकी जोरात खवली, की खोबऱ्यात करवंटीचा काळा चुरा पडला.

सोमवारी संदेश आणि दर्शना कामाला गेल्यावर हिराने शिवा मिस्त्रीला फोन लावला. “शिवा, भिंत पाडायची नाय हां. ओटा आपला मागच्या भिंतीला, एका माणसापुरता. होय, सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय. उद्याच कामाला हात लाव.” घरातल्या थोरल्या बाईचा शब्द, शिवाने हो म्हटलं. मग उरलेल्या फक्कीचा डबा घेऊन ती खळ्यात उतरली आणि माजघर व स्वयंपाकघर यांच्या मधोमध तिने जाड पांढरी भिंत ओढली. दर्शनाने संध्याकाळी येऊन आधी तीच बघावी, अशी तिची इच्छा होती.

“काय करतेस गो हिरा?”

गोदावन्सं दारात उभ्या होत्या. हिराच्या नवऱ्याची, दत्तारामची, ही थोरली बहीण चार दिवसांसाठी चिपळूणहून आली होती. फोनवरचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं.

“घराची एक रीत असते, वन्सं. ती मोडायची काय?”

“रीत होय?” गोदा पायरीवर टेकली. “तू धूर होतो म्हणालीस, तेव्हा माझ्या आईने पण तुला रीतच दाखवली होती. तू मग मोरीत जाऊन रडलीस. मला माजघरात ऐकू येत होतं.”

हिरा चमकली. “मग उठला का नाय तुम्ही?”

“खरं सांगू? मी सासरी तेच भोगत होते. माहेरी येऊन बघावं, तर तू पण माझ्यासारखीच खपतेयस. मला बरं वाटायचं गो. तुला सुख लागलं असतं, तर माझ्याने बघवलं नसतं.”

इतक्या वर्षांत वन्सं तिच्याशी इतकं खरं कधीच बोलल्या नव्हत्या.

“म्हणजे मी भोगलं ते फुकटच?” तिने फक्कीचा डबा खाली ठेवला. “माझ्या वाटणीचं मला कोण देणार?”

“ते आता कोण देणार? नाय मिळायचं,” गोदा म्हणाली. “पण दर्शनाला अंधारात कोंडून तुला उजेड मिळणार हाय काय? आईने तुला कोंडलं, मी गप बसले. आता तू हिला कोंड, उद्या ही आपल्या सुनेला कोंडेल. कुठंतरी कुणीतरी थांबायला नको? आणि काय गो, कालपासून नाक मुरडतेयस, एकदा तरी त्यात उभी राहिलीस?”

हिरा उभी राहिली नव्हती. रागारागानेच ती रेघा ओलांडून आत गेली आणि ओट्यापाशी जाऊन थांबली. हात आपोआप उठले. ती रिकाम्या हवेत भाकरी थापायला लागली.

समोर आखलेल्या माजघरात एव्हाना दत्ताराम येऊन खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. त्याला त्या रेघांशी काही देणंघेणं नव्हतं, फणसाची सावली तिथे होती एवढंच. भाकरी थापताना मान वर केली की समोर त्याचा चेहरा दिसतो, हे हिराला प्रथमच कळलं. त्याच्या भुवया पार पिकल्या होत्या. त्या कधी पिकल्या?

दत्तारामचंही लक्ष गेलं. पेपर खुर्चीवर ठेवून तो उठला आणि सरळ चालत, हिराने नुकतीच काढलेली भिंत चपलांनी विस्कटत, तिच्यापाशी आला.

“अरे दत्ता, भिंतीतून आलास की!” गोदा म्हणाली.

“कसली भिंत?” त्याने पायाखाली बघितलं, त्याला काही उमगलं नाही. तो हिराकडे वळला. “तू एकटीच वाऱ्यावर काय थापतेयस, ते बघायला आलो.”

सगळ्या संसारात तो तिची भाकरी बघायला कधी आला नव्हता! तो वाईट माणूस नव्हता. त्याला ती दिसतच नव्हती, आणि दिसत नाही त्याची विचारपूस कोण करतं? हिराचे डोळे भरून आले. आपण आपल्या हाताने, तीच भिंत, सुनेसाठी पुन्हा उभी करायला निघालो होतो!

संध्याकाळी दर्शना आली ती तोंड पाडूनच. शिवा मिस्त्री तिला वाटेतच भेटला होता. “आई, भिंत ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलंय म्हणे. कुणी ठरवलं?”

हिरा काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकली असती. ती म्हणाली, “मी. खोटं सांगितलं त्याला. तुझं सुख मला बघवलं नाय.”

दर्शनाला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. “आता तुम्हीच फोन करा त्यांना,” एवढंच ती म्हणाली.

हिराने तिच्यादेखतच फोन केला. शिवाला खरं काय ते सांगितलं, त्याच्या हसण्याचा अपमानही गिळला. मग ती सुनेला घेऊन खळ्यात आली.

“आता माझं पण ऐक. ह्यात विळीला जागा कुठाय? माझे गुडघे असे, मी उभ्याने खोबरं खवू? मासळी कुठं साफ करू?”

दर्शनाने रेघांकडे नीट बघितलं आणि ती ओशाळली. “माझ्या लक्षातच आलं नाही. आम्हा दोघांपुरतंच बघितलं मी.” तिने फक्कीचा डबा सासूपुढे धरला. “तुम्हीच काढा, आई.”

हिराने खिडकीजवळ एक बुटकी बैठक आखली, तोंड माजघराकडे. मग पायाने घासून पांढऱ्या भिंतीचं उरलेलं टोकही पुसून टाकलं.

मंडळी, आपल्याला जे मिळालं नाही ते पुढच्या बाईलाही मिळू नये असं वाटतं, तेव्हा आपण त्याला रीत म्हणतो, वळण म्हणतो. त्याचं खरं नाव मत्सर. जे आपल्या वाट्याला आलं नाही, ते निदान आपल्या हातून दुसऱ्याला मिळू द्यावं. घर बांधताना आणि दुरुस्त करताना एवढं मापात धरलं, तरी पुष्कळ झालं.

मंगळवारी शिवाने भिंत फोडली. त्यातलेच चांगले चिरे निवडून हिराने आपली बैठक बांधून घेतली. आता ती तिथे बसून खोबरं खवते, आणि माजघरात कुणी हसलं की विचारते, “काय झालं?” तिला सांगतात.