मोठे फादर चहाला येतात

गाडी फाटकातून आत घेतली तेव्हा कोंबड्यांचे फादर अंगणात आपल्या कोंबड्यांच्या घोळक्यात बादली घेऊन उभे होते. त्यांनी गाडी पाहिली, बादली खाली ठेवली, तरातरा जाऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"चहा संपलाय," ते तिथूनच ओरडले. "साखर पण नाही. आणि दूध मांजरानं प्यालं."

मागच्या सीटवर मोठे फादर हसले. "बघ, याचं डोकं अजून ठिकाणावर आहे," ते मला म्हणाले. पण उतरायची घाई काही त्यांनी केली नाही.

मोठे फादर म्हणजे आमच्या बिशपांचा उजवा हात. कागदावर त्यांचा हुद्दा विकार जनरल. धर्मप्रांतातल्या सगळ्या फादरांच्या बदल्या, रुसवेफुगवे, गळकी छपरं, सगळं शेवटी त्यांच्याच टेबलावर यायचं. मी त्यांचा ड्रायव्हर. त्यांचा एक नेम होता. बदलीचं पत्र त्यांनी कधी पोस्टानं धाडलं नाही. आधी स्वतः त्या फादरांच्या घरी जायचं, चहा मागून घ्यायचा, पहिला घोट घेतला की कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "फादर, बिशपांनी तुमची आठवण काढली." मग समोरचा चिडो, रडो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसो, ते ऐकून घ्यायचे. समजूत घालायचे नाहीत. उठताना पत्र टेबलावर ठेवायचे आणि गाडीत येऊन बसायचे.

कप मात्र दर वेळी अर्धाच राहायचा. मी स्वयंपाकघरात बसलेला असायचो, त्यामुळे परत आलेला कप मला दिसायचा. एकदा न राहवून विचारलं, चहा आवडत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, "आवडतो रे. पण एखाद्याचं घर मोडायचं आणि वर त्याचाच चहा संपवायचा, हे जरा जास्तच होतं."

साहजिकच आमची पांढरी गाडी लांबून दिसली की भल्याभल्या फादरांना आपली बदलीच दिसायची. त्यावरून कोंबड्यांच्या फादरांनीच एक गंमत काढली होती की मोठ्या फादरांना चहा पाजला नाही तर बदली लागू होत नाही. नुसती काढली नाही, करूनही दाखवली. याआधी दोनदा त्यांनी अशीच कडी घातली होती, आणि दोन्ही वेळा मोठे फादर हात हलवत परतले होते. दोघं सेमिनरीत, फादर व्हायच्या शिक्षणाला, एका बाकावर बसलेले. "राहू दे त्याला तिथंच, उपटलं तर जगायचं नाही ते झाड," असं मोठे फादर जाऊन सांगायचे आणि जुने बिशप हसून सोडून द्यायचे.

जुने बिशप निवृत्त झाले आणि नवे आले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. मी त्यांच्यावर खार खाऊन आहे असं माझी बायको म्हणते, पण तसं काही नाही. चर्च भरपूर आणि फादर मोजके, तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरणं आलंच. त्यांनी तीन-चार धर्मग्रामांचा, म्हणजे तेवढ्या चर्चच्या हद्दींचा, एकेक गट केला, गटाला एक प्रमुख नेमला, बाकीच्या चर्चमध्ये रविवारची उपासना, मिस्सा, तेवढी ठेवली. बिशप हाऊसमधली खाती एकमेकांत मिसळली. हुद्द्यांना मुदत घातली. बदल्यांची पत्रं सोमवारी सकाळी सगळ्यांना एकाच वेळी ईमेलनं जाणार, म्हणजे कोणाला आधी कळलं, कोणाला नंतर, ही कुजबुज नको. यात चूक कुठं काढणार? मोठे फादरच मला म्हणाले, "बरोबरच आहे. माझ्या चहापायी अर्धं पेट्रोल जात होतं."

फक्त एका घरी मी स्वतः जाऊन येतो, एवढं त्यांनी मागून घेतलं होतं. म्हणून शनिवारी आम्ही इथं आलो. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा लघवीला, आणि एकदा कशालाच नाही. नुसते उतरून झाडाकडे बघत उभे राहिले. मित्राला सांगायचं जिवावर आलंय, असं मला वाटलं.

"या, बसा," कोंबड्यांचे फादर व्हरांड्यातल्या बाकाकडे हात करत म्हणाले. "पाणी देतो. पाण्यानं काही होत नाही." मलाही पायरीवर बसवून त्यांनी ग्लास हातात दिला. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे अख्ख्या अंगणाशी बोलणं. मी न ऐकल्यासारखं करायचा प्रश्नच नव्हता.

बराच वेळ छपराचं झालं, गुडघ्यांचं झालं, एका तुऱ्याच्या कोंबडीनं दुसरीला कसं रक्तबंबाळ केलं ते झालं. मोठे फादर हूं हूं करत राहिले. शेवटी कोंबड्यांचे फादरच म्हणाले, "बोल आता. तोंडावरून कळतंय सगळं. पाण्यावरच सांग."

"तुझं चर्च खालच्या गावाला जोडलंय," मोठे फादर मोठ्यानं म्हणाले. "रविवारची मिस्सा राहील. हे घर बंद होईल. तू शहरात यायचंस, निवृत्त फादरांच्या घरी."

"कोंबड्या?"

"तिथं चालत नाहीत."

"विचारलंस?"

"दोनदा विचारलं."

कोंबड्यांच्या फादरांनी अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, "इथं कोणी मरायला टेकलं की लोक माझं दार वाजवतात. आता काय करायचं त्यांनी? गटाला फोन लावायचा? पापासाठी एक दाबा, मरणासाठी दोन दाबा?"

"सांगितलं मी हे मिटिंगमध्ये."

"मग?"

"लिहून घेतलं त्यांनी."

"वा," कोंबड्यांचे फादर म्हणाले. "जाऊ दे. तू आहेस ना बिशप हाऊसमध्ये. तिथनं येत जा संध्याकाळचा, निदान भांडायला तरी कोणी लागेल."

मोठ्या फादरांनी ग्लासातलं पाणी संपवलं, ग्लास बाकावर ठेवला, तो सरळ केला.

"तुझ्या शेजारचीच खोली मिळालीय मला," ते म्हणाले. "खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे."

मी चमकून मागं वळून बघितलं. रोज सकाळी मीच या माणसाला गाडीत बसवत होतो, आणि मला याचा पत्ता नव्हता. राग आला, पण नेमका कोणावर काढायचा ते कळेना.

"कधी सांगितलं तुला?" कोंबड्यांच्या फादरांनी विचारलं.

"सांगितलं असं नाही. मिटिंगमध्ये भिंतीवर नवा तक्ता दाखवला. वर बिशप, खाली चौकटी, बाण वगैरे. माझ्या चौकटीत त्या हिशेबवाल्या तरुण फादरचं नाव होतं. मला वाटलं, टाईप करताना गडबड झालीय. मी हात वर करून सांगितलं, इथं एक दुरुस्ती आहे म्हणून."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. एकजण उगाचच कागद चाळायला लागला. बिशप म्हणाले, आपण नंतर बोलू. आणि नंतर बोलले. चांगलं बोलले, माफी पण मागितली. त्यांना वाटलं होतं मला कोणीतरी सांगितलं असेल. बाकीच्यांना वाटलं, याला काय सांगायचं, सगळ्यांचं यालाच आधी ठाऊक असतं. कोणाची चूक म्हणू? सांगायचं काम माझंच होतं."

कोंबड्यांचे फादर गुडघ्यावर हात टेकून उठले, जाऊन दाराची कडी काढली आणि आत गेले. भांड्यांचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा.

मोठ्या फादरांनी माझ्याकडे बघितलं. "हा चहा टाकतोय का?"

"तसंच दिसतंय, फादर," मी म्हणालो.

मांजरानं प्यालेल्या दुधाचा, संपलेल्या साखरेचा चहा तीन कपांतून बाहेर आला. मला पायरीवर एक मिळाला. दुसरा कप कोंबड्यांच्या फादरांनी मोठ्या फादरांच्या हातात दिला. मग घरातली खुर्ची ओढून आणली आणि बरोबर त्यांच्यासमोर बसले. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं ते लावलं. आपल्या कपातला एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"फादर," ते म्हणाले, "बिशपांनी तुमची आठवण काढली."

उभ्या जन्मात त्या दोघांनी एकमेकांना अहो-जाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. मोठे फादर आधी हसले. मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसायचेही ते विसरले.

कोंबड्यांच्या फादरांनी समजूत घातली नाही. नुसते समोर बसून राहिले.

"मला वाईट वाटलं रे," बऱ्याच वेळानं मोठे फादर म्हणाले. "फार वाईट वाटलं. खोलीचं नाही, हुद्द्याचं पण नाही. मी तिथं हात वर करून उभा होतो, त्याचं."

"वाटणारच."

मग ते बोलत राहिले. पहिल्यांदा कोणाला बदली सांगायला गेले होते, तेव्हा चहा अंगातल्या झग्यावर, कॅसकवर, कसा सांडला, तिथपासून सगळं. कोंबड्यांचे फादर चांगला कान पुढं करून ऐकत होते. कोंबड्या खुराड्याकडे जायला लागल्या तेव्हा मोठे फादर उठले. पत्र काही त्यांनी आणलं नव्हतं, ते सोमवारी येणारच होतं. मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे गेले.

मी कप गोळा करून मोरीत नेले. कोंबड्यांच्या फादरांचा कप अर्धा भरलेला होता. मोठ्या फादरांच्या कपात काहीच उरलं नव्हतं.