दोन नंबरची आणि तीन नंबरची

आई गेल्यापासून थोरली धाकटीशी एक अक्षरही बोलली नव्हती. तरी दर आठवड्याला दोघी हातभर अंतरावर उभ्या राहून चर्चच्या घंटा वाजवत होत्या. दोन नंबरचा दोर धाकटीचा, तीन नंबरचा थोरलीचा. दोघींना वडिलांनी शिकवलेलं, आणि आपला दोर सोडायला दोघींपैकी एकही तयार नव्हती.

मनोऱ्यात सहा घंटा होत्या, म्हणून घंटांच्या खालच्या खोलीत सहा माणसं गोल करून उभी राहायची. वर प्रत्येक घंटा अख्खी गिरकी घेते, तोंड आभाळाकडे करून क्षणभर थांबते आणि उलटी फिरते. तो क्षण ओळखून दोर ओढायचा, एवढंच काम. पण ते नेमकं साधायचं तर ज्याच्या मागून आपली घंटा वाजते त्याच्या हातांवरून नजर हलवायची नाही. थोरलीची घंटा धाकटीच्या मागून वाजायची. म्हणजे जिचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलेलं, तिच्याच हातांकडे तासभर टक लावून बघायचं!

निरोप पोस्टमनमार्फत जायचे. पोस्टमन पाच नंबरला असायचा. "तिला सांगा, तिचा दोर खाली लोळतोय," थोरली म्हणायची. धाकटी शेजारीच उभी असायची. शेवटी पोस्टमन वैतागला. "बाई, मी तिकीट लावलेली पत्रं वाटतो. ही असली नाही."

राग साधा नव्हता. थोरली लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती. रोज फोन करायची. धाकटी रोज सांगायची, "आई बरी आहे गं. जरा अशक्तपणा आहे, इतकंच." आणि एका सकाळी धाकटीचाच फोन आला की आई गेली. थोरली पोचली तेव्हा सगळं आवरलेलं होतं, आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते ते कितीतरी आधी, हे तिला शेजारणीकडून कळलं. धाकटी एवढंच म्हणाली, "आईने तुला सांगू नको म्हटलं होतं." थोरलीने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आणि आज त्याच डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं.

डॉक्टर चर्चच्या आवारात कोटाला फूल लावून उभे होते. थोरलीला बघून पुढे आले. "बरं झालं भेटलात. तुमच्या बहिणीने शेवटी शेवटी फार केलं हो आईचं. एकटीने!"

"हो का," थोरली म्हणाली आणि वळली.

मनोऱ्याचा गोल जिना ती तरातरा चढली. एकटीने म्हणे! एकटीने का? मी मेले होते का?

वर बेकरीवाले काका सगळ्यांची वाट बघत होते. घंटांचा क्रम तेच पुकारायचे. पिठात हात घालून घालून त्यांचे दंड मुदगलासारखे झाले होते आणि आवाज त्याहून जाड. "नवरा-नवरी दारात आली की सुरू. घाई कुणी करायची नाही."

सुरुवात बरी झाली. मग थोरलीला धाकटीचे हात दिसले. सावकाश वर जाणारे, सावकाश खाली येणारे, शांत हात. याच हातांनी ही फोन धरायची. याच हातांनी फोन धरून रोज खोटं बोलायची. थोरलीने दोर आधीच ओढला. दोन घंटा एकमेकींवर आदळल्या, मांडणीवरून पातेली कोसळावीत तशा.

"तीन, मागे राहा!" काका ओरडले.

तिने आणखी जोरात ओढला.

"तीन! काय चाललंय?"

तिने सगळं अंग घालून ओढला. वर काडकन आवाज झाला. घंटा पलीकडे कोलमडू नये म्हणून वर एक लाकडी दांडा असतो, तो मोडला. आता घंटेला अडवायला काही उरलं नव्हतं. ती फिरत सुटली आणि दोर सरसरत वर निघाला. अशा वेळी दोर सोडून द्यायचा, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. थोरलीने मुठी आणखी घट्ट आवळल्या. तिचे पाय जमिनीवरून सुटले.

"ताई, सोड! सोड तो दोर!" धाकटी ओरडली.

थोरलीने सोडला आणि दाणकन फरशीवर बसली. तळहात सोलून निघाले होते. सगळ्यांनी आपापल्या घंटा थांबवल्या. धाकटी धावली, तिने हात धरला. थोरलीने तो हिसकावून घेतला.

"हात लावू नकोस मला!"

"बोललीस?" धाकटी म्हणाली. "बोललीस एकदाची?"

बेकरीवाल्या काकांनी दोघींकडे पाहिलं. सुटलेल्या घंटेचा दोर फटकारे मारायचा थांबला तसं ते म्हणाले, "तुम्ही दोघी जिन्यात जा. खाली लग्न आहे. आम्ही चौघे वाजवतो."

जिन्याच्या अरुंद पायऱ्यांवर दोघी वर-खाली बसल्या. डोक्यावर चार घंटा सुरू झाल्या. ओरडल्याशिवाय ऐकू येणार नव्हतं, म्हणून दोघी ओरडल्या.

"रोज फोन करत होते मी! रोज!"

"हो ना! बाळाचं नाक कसं, बाळाचं जावळ कसं! मी इकडे आईची चादर बदलत होते, एका हातात फोन! फोन ठेवला की न्हाणीघरात जाऊन रडायचे मी."

"मग सांगायचं होतंस!"

"तिने शपथ घातली होती!"

"आईच्या शपथा तू कधीपासून पाळायला लागलीस गं? आईची शपथ घेऊन सर्कशीला पळाली होतीस तू!"

"ती मरत नव्हती तेव्हा!" धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता. थोरलीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. "तुला राग आलाय, नाही का? तुला! मला येत नसेल? 'ताईला कळलं तर लेकीला टाकून धावत येईल, तिला सुखाने नातवंड बघू दे.' ताईला सुख! आणि बारकी काय, आहेच मोकळी! तुझा फोन झाला की ती विचारायची, ताईला संशय नाही ना आला? बारके, तू कशी आहेस, असं एकदाही विचारलं नाही तिने. एकदाही नाही!"

थोरली काही बोलायला गेली आणि तिला आईच दिसली, उशीला टेकून बसलेली, सगळ्यांची कामं वाटून देणारी. ही जाईल, ही राहील. दोघींपैकी कुणालाही न विचारता.

"मला कसलं सुख?" ती म्हणाली. "मला तिच्याजवळ बसायचं होतं."

"मग मला काय नको होतीस तू तिथे?"

वर घंटा चालू होत्या. थोरलीचा राग गेला नव्हता. पण तो इतके दिवस धाकटीच्या हातांवर रोखलेला होता, त्याला आता दुसरीकडे जावं लागत होतं.

"म्हातारीने आपल्याला फसवलं," ती म्हणाली. "मरता मरता दोघींना फसवलं."

"मग! मी काय सांगतेय मघापासून?"

"आता जाब तरी कुणाला विचारायचा? स्वतः सुटली!"

"रोज विचारते मी," धाकटी म्हणाली. "भांडी घासताना. मोठ्याने."

थोरलीला हसू आलं नाही, पण ती उठली तेव्हा तिने धाकटीला आपल्या कोपराला धरू दिलं.

घरी तिला दाराची कडीही काढता येईना. धाकटीने ती काढली, कोमट पाण्याने तळहात धुतले, मलम लावलं आणि पट्टी गुंडाळायला बसली. तोंड दोघींचं चालूच होतं. आईने आणखी कुठे कुठे कसं कसं केलं होतं, ते एकेक बाहेर निघत होतं.

"हळू गं! कातडी आहे ती!"

"गप्प बस. मला कळतं."

"आईवर गेली आहेस. अगदी आईवर!"

"तू गेली आहेस!" धाकटी म्हणाली आणि पट्टीची गाठ कचकन आवळली.